जाळं काढायचं नाही

३ मार्च, मंगळवार
आजपासून मोह बंद. मी ज्या हॉलची लादी पुसतो, तिथं एक प्रोफेसर दर मंगळवारी लेक्चर देतात. निसर्ग, संस्कृती आणि बुद्धविचार. मॉप धरून मागं उभा राहिलो. शिक्षण सातवी, तरी सगळं समजलं. निम्मं त्यांनी सांगितलं, निम्मं मी भरलं. तृष्णा सोडली की दुःख संपतं. म्हणून आईला फोन करणार नाही. यंदाही सुट्टीला येत नाही म्हटल्यावर गेल्या महिन्यात तिनंच फोन ठेवला. आता तिनं आधी करावा. हा राग नाही, वैराग्य आहे.

५ मार्च
फोनकडे पाहिलं नाही. चार्जिंग किती आहे तेवढं पाहिलं. सात वेळा.

१० मार्च, मंगळवार
प्रोफेसर म्हणाले, सगळी सृष्टी कोळ्याच्या जाळ्यासारखी आहे, एक धागा तोडला की सगळं हलतं. म्हणताना थेट माझ्याकडे पाहिलं. (घड्याळ माझ्या डोक्यावरच आहे.) प्रोजेक्टरच्या वर एक कोळी राहतो. त्याचं जाळं काढायचं नाही. ठरलं.

१४ मार्च
सुपरवायझर बाईंना जाळं दिसलं. मी म्हटलं, अहिंसा. त्या म्हणाल्या, ती ड्यूटी सुटल्यावर कर. तरी काढलं नाही.
कोळ्याशी दहा मिनिटं बोललो. नीट ऐकून घेतो. मध्येच 'जेवलास का' विचारत नाही. तेवढं एक विचारायला हवं होतं.

१७ मार्च, मंगळवार
आजचा विषय करुणा. कोळी नेमका प्रोजेक्टरच्या काचेवर उतरला. पडद्यावर रेड्याएवढी सावली. प्रोफेसर टेबलामागं जाऊन ओरडले, मारा त्याला! मी कागदी कपात धरून बाहेर झुडपावर सोडला. परत आलो, तर प्रोफेसर प्रथमच माझ्याशी बोलले. इथली साफसफाई कोण करतं, म्हणाले.

१८ मार्च
माझी बदली. तळघरातलं पार्किंग. इथं कोळीसुद्धा नाही. एकांत साधनेला उत्तम. साधना अकरा मिनिटं टिकली.

२० मार्च, सकाळ
आईला फोन केला. मोह नव्हे, फोन बिघडलाय का ते पाहायला. पहिल्याच रिंगला उचलला. ये म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, तू गेल्यापासून वरच्या कोपऱ्यातली जाळी तशीच आहेत, माझा हात पुरत नाही. मी म्हटलं, असू दे, तेवढीच सोबत. मग म्हणाली, मेल्या, कोळ्याशी बोलून बोलून किती बोलायचं माणसानं?

दुपार
सुट्टीचा अर्ज लिहिला. कारण: जाळी काढणे.