सुरुंग आणि हिराबाईची म्हैस

४ फेब्रु. १९५८, पनवेल
दवाखान्यात दिवसभरात तीनच जनावरं. तिसरी हिराबाईची म्हैस. बाई डोंगराखालच्या पाड्यातली, विधवा, घरोघर दूध घालते. गेल्या आठवड्यात खाणीच्या सुरुंगाचा दगड गोठ्यावर आला, पारडू जागीच गेलं. तेव्हापासून म्हैस पान्हा सोडत नाही. "दाक्तर, कास भरलेली हाय, पन थेंब देत नाय." सूज नाही, गाठ नाही, ताप नाही. पुडी दिली. कशासाठी, ते मलाच...

७ फेब्रु.
दुपारी बाराच्या सुरुंगाआधी पाड्यावर जाऊन गोठ्यात बसलो. म्हैस रवंथ करत होती. नाडी ५२. मग खाणीवर इशाऱ्याची शिट्टी झाली. सुरुंग अजून उडायचा होता, तरी रवंथ थांबलं. कान ताठ, अंगाला कंप, पातळ शेण. नाडी ९६. नंतर धमाका. तासाभरानेही तोंड हललं नाही. हिराबाईचा हात कासेवरच होता. "बगा, आत वडून घेतलं."
दूध आहे. भीती ते सुटू देत नाही. हे कोणत्या रकान्यात लिहू?

८ फेब्रु.
म्हैस दवाखान्याच्या आवारात आणून बांधली. इथे शिट्टी ऐकू येत नाही. हिराबाई सोबत राहिली आहे.

११ फेब्रु.
संध्याकाळी हिराबाई म्हशीची मान खाजवत काहीबाही बोलत बसली होती. म्हशीने मोठा श्वास सोडला आणि पान्हा आला. दीड शेर. बाई हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. मी उगाच औषधांच्या बाटल्या लावत राहिलो.
रात्री जिल्ह्याच्या साहेबांना अहवाल लिहिला. सुरुंग वस्तीपासून लांब न्यावेत.

१५ फेब्रु.
साहेब स्वतः आले. अहवाल वाचून हसले. "अहो, भीती हा रोग कुठल्या पुस्तकात आहे? रोग असेल तर नाव लिहा. नसेल तर निरोगी लिहा, आणि जागा मोकळी करा."
निरोगी लिहिलं. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

१६ फेब्रु.
म्हैस पाड्यावर परत. फाटकातून बाहेर पडेना. हिराबाई पुढे चालायला लागली, तेव्हा मागून गेली.

२० फेब्रु.
पाड्यावर गेलो. शिट्टीसरशी म्हशीने भिंतीला धडक मारली होती. एक शिंग मोडलेलं, दाव्याने मान सोललेली. वैरण तशीच पडून. जखम धुतली. पोटीस लावताना हिराबाई म्हणाली, "तुमीच लिवलं ना, म्हस बरी हाय म्हून? खाणीच्या मुकादमानं कागद वाचून दावला."
खाणवाल्यांच्या हातात माझाच कागद. येताना साबणाने हात धुतले, दोनदा.

२३ फेब्रु.
हिराबाई एकटीच आली. खाटीक दारात येऊन गेला म्हणे. "नाय दिली त्याला. मोऱ्याला भैन हाय माजी, तितं नेतंय. चालत." मग विचारलं, "तितं शिट्टी नाय ना वाजत?"
मोरा हे उरणचं बंदर, तिथे लाँच सुटताना भोंगा देते. रोज. मी म्हटलं, नसावी.
का म्हटलं? खरं सांगितलं असतं तर तिने दावं खाटकाच्या हातात दिलं असतं. की मलाच तिचं तोंड बघवेना...

२७ फेब्रु.
नवा अहवाल लिहायला बसलो. 'निरोगी'पुढे काय लिहायचं, सुचत नाही. साहेबांना कळवलं तर बदली. न कळवलं तर इथेच.
बाजारात उरणकडून आलेली एक कोळीण भेटली. तिला विचारलं, वाटेत मोडक्या शिंगाची म्हैस, बरोबर बाई? म्हणाली, "जासईच्या अलीकडं एक बाई बसलेली बगितली, वाटंच्या कडंला. म्हस व्हती जवल."
म्हैस उभी होती का?
"त्ये नाय बगितलं, दाक्तर. डोक्यावर पाटी व्हती माज्या."