थांबा क्रमांक चार

७ तारीख, गुरुवार

नात आली ती शिक्का, शाईचं पॅड आणि हुकूम घेऊनच! "आजोबा, शनिवारी चौथा थांबा तुम्ही."

तिच्यासारख्या सायकलवरून पार्सलं पोचवणाऱ्या पोरापोरींचा उत्सव आहे. पाठीला बॅग बांधून शहरभर शर्यत. पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर एक काम, काम झालं की कार्डावर शिक्का. माझ्या थांब्यावर काय? — शाळेतल्या कवितेचं एक कडवं, न चुकता! तिनंच सुचवलं. मी दिवसभर तरंगतोय.

पहिल्याला बक्षीस बॅगवाल्यानं स्वतः शिवलेली बॅग. ती तिला हवीच आहे. तिच्या बॅगेचा पट्टा तीनदा शिवून झाला. वळणावर ओझं पाठीवरून सरकतं नि पोटाशी येतं. मागच्या महिन्यात अशीच पडली. गुडघा अजून दुखतो, सांगत मात्र नाही.

८, शुक्रवार

शिक्क्याचा सराव. सूनबाईंनी न वाचलेल्या वर्तमानपत्रावर अठरा शिक्के! बोलणी खाल्ली.

९, शनिवार

फाटकाशी टेबल मांडून बसलो. नात सगळ्यांच्या आधी! धापा टाकत, एक पाय पॅडलवरच. आणि कविता कोणती? माझी लाडकी, पोस्टमनची!

पिशवी भरुनी निघे टपाली,
ओढे, डोंगर तुडवी पायी;
गावोगावी नेत खुशाली
दिवसभरी तो थांबत नाही.

"शेवटची ओळ चुकली," मी म्हणालो. "'त्यास कुणाचे पत्रच नाही.'"

"आजोबा, पुस्तकात हेच आहे!"

"मला शिकवतेस? पुन्हा म्हण."

पुन्हा तेच म्हणाली! मी शिक्क्यावर हात ठेवून बसलो. तेवढ्यात एक चष्मेवाला आला, सशाची कविता पाढ्यासारखी घडाघडा म्हणून शिक्का घेऊन पसार! मग हिनं दात खाऊन माझी ओळ म्हटली. मी शिक्का मारला.

शर्यतीत नात दुसरी आली. अर्ध्या मिनिटानं.

नियम म्हणजे नियम.

त्याच दिवशी, संध्याकाळी

नात बोलत नाही. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मीही शाळेत तसंच शिकले होते." दोघींनी कट केलाय!

१०, रविवार

जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. तासभर धूळ खाल्ली. अखेर सापडलं — आमच्याच वर्षाचं, तिसरीचं, मुखपृष्ठ गायब. पान एकेचाळीस.

दिवसभरी तो थांबत नाही.

म्हणजे पासष्ट वर्षं मी चुकीचं म्हणत आलो! पाच वाजता बक्षीस समारंभ. एक क्षण वाटलं, पुस्तक गुपचूप परत ठेवावं. कोण विचारतंय? मग स्वतःचीच लाज वाटली. रिक्षा केली, थेट व्यासपीठावर चढलो. "चूक माझी. पहिली हीच!"

मग काय त्या शिट्ट्या, काय त्या घंट्या! चष्मेवाल्यानं नवी बॅग खांद्यावरून उतरवली. "ताई, घे. तू भांडत होतीस म्हणून मी निसटलो."

"पॅडल तूच मारलंस ना? मग ठेव गपचूप."

"घे गं!"

"नाही म्हटलं ना!"

शेवटी बॅगवालाच ओरडला, "ए, शिवण उसवेल! तुझी जुनी बॅग उद्या आण, नवा पट्टा लावून देतो." तेव्हा कुठे ती हसली.

परतताना सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आली. म्हणाली, "पण आजोबा, तुमची ती ओळ आली कुठून? पुस्तकातल्यापेक्षा बरी आहे."



११, सोमवार

शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या बुटक्याला फोन करून त्या ओळीचं विचारलं. तो खो खो हसत सुटला. "अरे, ती तूच केलेली! भर वर्गात म्हटलीस. पुस्तकाबाहेरचं बोलतोस म्हणून गुरुजींनी छड्या मारल्या तुला. हात सुजला होता!"

छड्या मला आठवत नाहीत. ओळ तेवढी राहिली.