उत्तरेचा तुकडा

तंजावूर,
३ मार्च २०२५

ती. वसुमती अक्काला तुळजाजीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? इकडे ऊन लवकर तापलं. तुझ्या भावजयीने, जयश्रीने, तुझ्यासाठी तांदळाच्या कुरडया, वडाम, घातले आहेत. तिकडे येणारं कुणी मिळालं की पाठवते.

शनिवारी पापनाशमच्या शेतकऱ्यांपुढे आपल्या कुरणावर बोलायचं आहे, तेव्हा गाय कशी गेली ते नीट लिहून पाठव, असं तू म्हणालीस. लिहितो. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच बोलली असतीस. शिवाय या घरात माझ्याखेरीज कुणाला ही मराठी अक्षरं वाचता येत नाहीत.

तिरुवैयारुच्या शेतात तुझ्या सांगण्याप्रमाणे तीन ओळी अंजन गवत आणि एक ओळ स्टायलो या शेंगवर्गी चाऱ्याची पेरली. स्टायलोच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतील, गवताला तेवढं पुरेल, युरिया नको, असा तुझा हिशेब. पहिलं वर्ष बरं गेलं. या जानेवारीत, पोंगलच्या सुमारास उत्तरेचा अर्धा एकर पिवळा पडला. तू फोटो मागत होतीस.

पुढे तुला हिरवा फोटो मिळाला. 'बघ, युरियाशिवाय,' असं तू कळवलंस.

आपली गुरं राखणाऱ्या कामाक्षीला तो हिरवेपणा पटला नाही. तिने स्टायलोचं एक रोप उपटलं, मुळावरची गाठ नखाने फोडली. गाठ काम करत असेल तर आतून गुलाबी असायला हवी, हे तूच तिला दाखवलं होतंस. पांढरट निघाली. गवत कमरेएवढं झालं होतं आणि स्टायलो त्याच्या सावलीत झडत होता.

"मालक, हिला कामावरून कुणी काढलं?"

"तू गुरं बघ."

"गुरंच बघते. म्हणून विचारते."

सहा फेब्रुवारीला तांबडी गाय गेली. रक्त कॉफीच्या डिकॉक्शनसारखं काळपट तपकिरी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, खत टाकलेलं गवत खाल्लं आहे. मी तुला कळवलं की कामाक्षीने तिला कालव्याकडेने दुसऱ्याच्या रानात नेलं. तू म्हणालीस, "उद्यापासून ती नको." फोनचा आवाज मोठा होता. कामाक्षी समोरच उभी होती. आपल्या घरात वीस वर्षं वावरून तिला आपली मराठी समजते, हे मी विसरलो नव्हतो. तिने दोर खुंटीला लावला आणि गेली.

आता उरलेलं.

युरिया मी टाकला. फोटोआधी एक पोतं. आणि पुन्हा पिवळेपणा दिसू नये म्हणून जानेवारीच्या शेवटी दुसरं. त्यानंतर तीन आठवडे गुरं आत सोडायची नसतात, हे मला ठाऊक होतं. आठव्या दिवशी कामाक्षीने विचारलं, "उत्तरेला सोडू का?" मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

आणखी एक. डॉक्टरांना फोन केला तेव्हा गाय जिवंत होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "युरिया टाकलेल्या रानात चरली का? तसं असेल तर इंजेक्शन घेऊन आत्ता निघतो." मी नाही म्हणालो. मग पोट फुगलं असेल, तेल पाजा, असं म्हणून ते हातातलं काम संपवून आले. तोवर कामाक्षी गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझं बोलणं तिने ऐकलं होतं.

तिला आता गावात कुणी गुरं राखायला देत नाही. काल तिच्या दारात गेलो. परत ये म्हणालो. ती तांदूळ निवडत होती.

"अक्कांना सांगितलंत?"

"सांगेन."

"मग सांगून या."

उत्तरेच्या तुकड्यात आता नुसतं गवत आहे. शनिवारी तो फोटो दाखवू नकोस. दाखवलास, तर खाली दोन पोती लिही, आणि माझं नाव. हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने टाकून मी तिरुवैयारुची बस धरतो. पावती तिला दाखवीन. ती उठून परत कामावर येईल की नाही, मला सांगता येत नाही.

तू काय म्हणशील ते तिच्यासमोर म्हण. फोनचा आवाज मोठा ठेवीन.

तुझा धाकटा,
तुळजाजी