न कुजणारी अळी

आई, विळीवर सुरमई कापताना तुझा तळहात चिरला तेव्हा मी कॉलेजात होते. हळद दाबून तू भाकऱ्याही थापल्यास. मग हात सुजला, घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं, औषधं बदलत राहिली आणि डॉक्टर बाबांना म्हणाले, "या जंतूवर काहीच लागू पडत नाहीये." तू गेलीस, पण त्या जखमेचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

आता मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये त्याच जातीच्या जंतूवर काम करते. आरेच्या जंगलातून माती आणते, तिच्यात मेणकिड्याच्या अळ्या सोडते. मातीतले बारीक कृमी अळीत शिरतात आणि स्वतःच्या पोटात सांभाळलेले जिवाणू तिच्या अंगात सोडतात. अळी मरते, विटेसारखी लाल होते, पण कुजत नाही; ते जिवाणू दुसऱ्या जंतूंना जवळ फिरकू देत नाहीत. लहानपणी मी मसाल्याच्या डब्यात सुरवंट ठेवले, तेव्हा तू ओरडली होतीस, "काय गो ह्या? घर आसा की किड्यांचो दवाखानो?"

गेल्या महिन्यात एका सकाळी जंतू वाढवायची काचेची प्लेट उघडली. सगळीकडे तुझा जंतू पसरलेला, आणि आमच्या जिवाणूंच्या ठिपक्याभोवती मात्र स्वच्छ गोल. तिथे तो मेला होता. मी बघतच राहिले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. लेकीचा खरचटलेला गुडघा सुजलाय, ताप चढलाय, ॲडमिट करतोय. रिक्षात मी माझेच हात हुंगत होते. हातमोजे, साबण, सगळं नीट केलेलं. तरी वाटलं, तो जंतू मीच तर घरी नेला नसेल?

हॉस्पिटलच्या खाटेवरून ती म्हणते, "आई, तुझ्या लॅबमधलं औषध दे ना." मी सांगते की ते अजून औषध नाही, जंतूला मारणारं माणसालाही मारू शकतं, ते तपासण्यात वर्षं जातात.

"मग मला काय देणार?"

मी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघते. गुडघ्यातला पू तपासायला गेलाय. ती झोपल्यावर मी तिच्या पट्टीजवळ नाक नेते. नर्स बघते.

रिपोर्ट आला. साधाच जंतू होता, साध्या औषधाने गेला. आता ती मुलुंडच्या आमच्या जिन्यावरून उड्या मारत उतरते. लॅबमध्ये त्या गोलाचं खूप कौतुक झालं, काम पुढे चाललंय. मी आता फक्त माती आणि अळ्या बघते, प्लेटा दुसऱ्यांवर सोडल्यात. लेकीला वेळ द्यायचाय, असं लॅबच्या सरांना सांगितलंय. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून तुला सांगते. खरं म्हणजे त्या प्लेटचं झाकण उचलायची मला भीती वाटते.