टॅबमागची पाटी

मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

‘टॅबवर शिकणारी मुलं’ असा शाळेचा फोटो आज चारच्या आत साहेबांच्या ग्रुपवर पाठवायचा होता. आमचे टॅब पावसाळ्यापासून बंद. खाऱ्या हवेनं चार्जिंगची जागाच गंजलीय. तरी मुलांच्या हातात दिले. नवीन काय त्यात!

तेवढ्यात दुसरीतली सायली पाटी घेऊन आली. जूनपासून एक अक्षर न काढलेली पोर. “बाई, बगा ना, मी लिवलंय.” मी म्हटलं, “थांब गं, आधी टॅब छातीशी नीट धर.” फोटो काढला आणि रेंजसाठी बंधाऱ्यावर गेले. अर्धा तास तिथेच गेला. परत आले तर पाटी कोरी.

“पुसलं. तुमी आल्याच न्हाय.”

“काय लिहिलं होतंस?”

“आता न्हाय येत.”

येत नाही, की मला सांगायचं नव्हतं?

ग्रुपवर साहेबांचा अंगठा आला. मी मात्र मघापासून तो फोटो मोठा करकरून बघतेय. पाटी आहे त्यात, तिच्या छातीशी. लाकडी कड दिसते, वरची एक वेलांटी दिसते. बाकी सगळ्यावर तो काळा टॅब. मी सांगितलं तसा, अगदी नीट धरलेला.