मस्कतच्या घराची नोंद

वर्षा,

वाचून झालं की ही चिठ्ठी चुलीत टाक. दिपाली वहिनीच्या हाती लागू देऊ नको.

पंडितदादानं मस्कतला ज्या इमारतीत भाड्यानं घर घेतलं होतं, ती परवा जळाली. त्याच्यासोबत कामाला असलेल्या सिद्धारामचा सकाळी फोन आला. दादा कुठंच सापडंना. दोन मयतांची ओळख पटत न्हाई म्हणं. मी म्हणलं, "अरे, घर त्याच्याच नावावर हाय की!" तो म्हणला, "करार नोंदवलाच नव्हता. तिथल्या सरकारी कागदावर ते घर रिकामंच हाय, म्हणून दादा तिथं ऱ्हात होता असं कुणी धरतच न्हाई."

वहिनीला तिकडं न्यायचं होतं, म्हणून कराराच्या नोंदणीला त्यांच्या लग्नाचा दाखला लागत होता. दादानं तीनदा मागितला. वडवणीला जाऊन तो काढायचं काम माझ्याकडं होतं. तूबी दोनदा आठवण करून दिलीस. दर बारीला मी उद्या जातो म्हणलो, अन् तुझ्यावरच खेकसलो.

आता दादाचे हाय ते कागद घेऊन बीडला कलेक्टर कचेरीत चाललोय. संध्याकाळपर्यंत येतो. तोवर वहिनीच्या जवळच ऱ्हा. गावातनं कुणी फोन केला तर तूच उचल.

आईला पोटभर जेवायला घाल. ओळख पटवायला तिचं रक्त तपासावं लागंल, असं सिद्धाराम म्हणला. उद्या तिला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचं हाय. कशाला, ते मीच सांगतो तिला.

अजिनाथ