महेजबीनचं तिसरं वर्ष आणि माझा तिसरा हिस्सा

मी, पाशा हुसेन आत्तार, वय ७४, धंदा मोटार रिवायंडिंग, राहणार शिरूर, हे मृत्युपत्र तोंडी सांगत आहे. मोतीबिंदूमुळे मला ओळ दिसत नाही, म्हणून माझे मित्र बापूसाहेब शितोळे, राहणार राहू, तालुका दौंड, ते आपल्या हाताने उतरवून घेत आहेत. माझी अक्कल शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही आणि नशापाणी मी करीत नाही. राग मात्र पुरेपूर आहे, आणि तो उतरायच्या आत हे लिहून व्हावे अशी माझी घाई आहे.

कलम १. माझी बायको नऊ वर्षांपूर्वी अल्लाला प्यारी झाली. वारस एकच, मुलगा अक्रम. शरियतप्रमाणे माझ्या मिळकतीच्या तीन हिश्श्यांपैकी दोन आपोआप त्याचे, त्यांना मला हात लावता येत नाही. लावता आला असता तर लावला असता. तरी शिरूरचे राहते घर आणि दुकानाची जागा अक्रमने घ्यावी. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी उकलून, तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून माझी बोटे वाकडी झाली, तेव्हा ते घर उभे राहिले. त्या घरात बसून त्याने काय केले ते पुढे येईल.

कलम २. माझ्या मर्जीने देता येतो त्या तिसऱ्या हिश्श्यातून वाइंडिंगचे मशीन, सगळे पाने, मीटर आणि उरलेली तार बिरदेवला द्यावी. बिरदेव वीस वर्षे माझ्या हाताखाली आहे. मी त्याला रोज शिव्या दिल्या आणि त्यातल्या निम्म्या त्याच्या नव्हत्या. त्या मी परत घेतो.

कलम ३. माझी बहीण खुर्शिद हिला काही नाही. "पोरगी स्पॅनिश शिकली म्हंजी स्पेनला पळून जाणार," हे तिने गावभर केले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझ्या मयताला आली तर चहा द्यावा, बोलू देऊ नये.

कलम ४. हे कलम अक्रमची मुलगी, माझी नात महेजबीन हिच्याबद्दल आहे. ती पुण्यात स्पॅनिश घेऊन बी. ए. करते. करते असेच लिहा बापूसाहेब, करत होती असे लिहू नका.

स्पॅनिशच का, असे मला शंभर जणांनी विचारले. ती अकरावीत असताना सणसवाडीच्या एका कारखान्यातून परदेशी मशीनचा पेटारा माझ्याकडे दुरुस्तीला आला. मी झाकणाला पाना लावला, तर पोरगी ओरडली, "दादा, थांबा." झाकणावर लाल अक्षरात काहीतरी होते. तिने मोबाइलमध्ये बघितले. पेलिग्रो, म्हणजे स्पॅनिशमध्ये धोका. आत करंट धरून बसलेला कपॅसिटर होता, हात गेलाच असता. त्या दिवसापासून तिने वहीत शब्द उतरवायला घेतले. नुसते शब्द नव्हेत. त्यांची नाटके, त्यांचे सण, त्यांच्या देशात आमच्या मुसलमानांनी शेकडो वर्षे केलेले राज्य, सगळे. सुट्टीत आली की मला सांगायची, त्यांची 'आसुकार' म्हणजे आपली साखरच, अरबीतून गेलेली. मी चहा ढवळायचे विसरून ऐकत बसायचो.

आता चुकीचे सांगतो. पहिली चूक माझी. ॲडमिशन झाल्यावर तिचा फोन आला, "दादा, बी. ए. स्पॅनिश मिळालं." मागे वाइंडिंगचे मशीन चालू होते. मी ऐकले 'बी. ए. स्पेशल इंग्लिश'. बाजारपेठेत पेढे वाटले आणि तेच सांगत सुटलो. ईदला ती घरी आली, खरे काय ते कळले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच दुकाने पायाखाली घातली आणि सांगितले, माझ्या कानाची चूक, इंग्लिश न्हाई, स्पॅनिश. हे बापूसाहेबच तेव्हा हसले होते, "स्पॅनिश कोण बोलतंय हो? राहूत तर कुणी न्हाई." (हसलो होतो हे खरे आहे. — बापूसाहेब)

पण अक्रमला माझी चूक गोड लागली. पोरीला न विचारता त्याने स्थळांसाठी बायोडाटा छापला आणि त्यात घातले, शिक्षण: बी. ए. स्पेशल इंग्लिश. मे महिन्यात दौंडची माणसे बघायला आली. मुलाच्या वडिलांनी साधेपणाने विचारले, "इंग्लिशमधी काय काय शिकवत्यात, बेटा?" महेजबीन म्हणाली, "मी इंग्लिश नाही शिकत चाचा, स्पॅनिश शिकते." माणसे भली होती. चहा पिऊन गेली. ती गेल्यावर अक्रम पोरीवर धावून गेला. "तू मला चार माणसांत खोटं पाडलंस," म्हणाला. अरे, खोटे तू छापलेस, आणि खोटे पाडले तिने? दुसऱ्या दिवशी त्याने हॉस्टेलवरून तिचे सामान आणले. दुसऱ्या वर्षाला वर्गात पहिली आलेली पोरगी दीड महिना घरात भाकरी थापते आहे, आणि तिच्या शब्दांच्या वह्या माळ्यावर टाकल्या आहेत. बापाच्या लबाडीची शिक्षा लेकीला. माझा मुलगा आहे म्हणून मला याची दुप्पट लाज वाटते.

म्हणून माझ्या सणसवाडीच्या भाड्याच्या दोन खोल्या माझ्या मरणानंतर महेजबीनच्या. अक्रम जिवंत असताना नात वारस होत नाही, त्यामुळे हा हिस्सा तिला देता येतो, हे वकिलाला विचारून घेतले आहे. भाड्यातून तिने शिकावे. लग्न कर किंवा करू नको, माझी अट नाही.

इथपर्यंत लिहून बापूसाहेबांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "पाशाभाई, हे समदं तुम्ही गेल्यावर. पोरीची फी भरायची शेवटची तारीख पंध्रा हाय. तवर मरताय का?"

मला स्वतःचाच राग आला. बापाने तिला नवऱ्याची वाट बघत बसवले, आणि मी माझ्या मयताची वाट बघायला बसवत होतो.

तरी कलम ४ मधले खोल्यांचे वाक्य रद्द समजावे. त्या खोल्या मी मेल्यावर द्यायच्या नाहीत, आजच दिल्या. ही वसियत नाही, हिबा आहे, जिवंतपणी दिलेली देणगी. भाडेकरू पोरांना फोन लावून सांगितले, "अब से भाडा मेरी पोती को देना." मग महेजबीनला स्वयंपाकघरातून बोलावले. ती पिठाच्या हातांनीच आली. मागोमाग अक्रमही आला आणि दारात उभा राहिला.

हिब्यात देणाऱ्याने देऊन भागत नाही, घेणाऱ्याने तोंडाने कबूल करावे लागते. मी खोल्यांचे कागद तिच्यासमोर धरले आणि विचारले, या दोन खोल्या मी तुला दिल्या, तुला कबूल आहे का?

पोरगी बापाकडे बघत म्हणाली, "कबूल." मी ऐकले. बापूसाहेबांनी ऐकले, साक्षीला बोलावलेल्या चहावाल्या दगडोबांनी ऐकले. हाच शब्द निकाहात तिच्या तोंडून ऐकायची अक्रमला मे महिन्यापासून घाई होती, त्यानेही ऐकला.

हे सर्व मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

पाशा हुसेन आत्तार (सही)

साक्षीदार:
१. बापूसाहेब शितोळे, राहू, ता. दौंड (सही)
२. दगडोबा गव्हाणे, आत्तारांच्या दुकानाशेजारचे चहावाले, शिरूर (डाव्या अंगठ्याचा ठसा)

ठिकाण: शिरूर, जि. पुणे
शुक्रवार, दि. ४ जुलै २०२५, जुम्म्याच्या नमाजनंतर